दाराबाहेर गेलेली धून

उन्हाळा चढू लागला की सोलापुरात दोघांचा भाव वाढतो, माठवाल्यांचा आणि वाजंत्र्यांचा. यंदाही तो वाढला आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू येऊन पडलेत. परवा भर दुपारी एक वरात शेजारच्या बोळातून गेली. मी कणीक मळत होते. ढोल ऐकू आला, ट्रम्पेट ऐकू आला, आणि माझे हात परातीतच थांबले. आता सॅक्सोफोन येईल म्हणून मी थांबले होते. तो आला नाही. येणार नव्हताच. ज्या माणसाने तो वाजवायचा, तो आतल्या खोलीत खाटेवर पडून त्याच वरातीला कान लावून होता. वरात लांब गेल्यावर आतून आवाज आला, "ट्रम्पेट चढलाय." मी म्हणाले, "ऊन आहे, आबा." एवढंच बोलणं झालं. कणकेत पाणी जास्त झालं होतं.

आबा म्हणजे माझे वडील; लग्नानंतरही मी आणि नवरा त्यांच्याच घरी राहतो. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण ते बँडमास्तर. मोडनिंबकडच्या आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सनई होती. आबा सोलापुरात आले, सनई ठेवून त्यांनी क्लॅरिनेट धरली आणि मग सॅक्सोफोन. तो त्यांना शिकवला रेल्वेच्या एका गार्डसाहेबांनी. आबा तरुण असताना रेल्वे कॉलनीतल्या एका लग्नात वाजवायला गेले होते. तिथे या साहेबांनी त्यांच्या क्लॅरिनेटची धून उचलून आपल्या सॅक्सोफोनवर घेतली, तिची पार ओळख मोडून टाकली आणि पुन्हा होती तशी आणून ठेवली. आबा जेवायचे विसरले. पुढे बदली होईपर्यंत साहेब त्यांना शिकवत राहिले. जॅझ हा शब्द आमच्या घरात असा आला. मोडनिंबच्या चुलत्यांना अजूनही ते एखाद्या औषधाचं नाव वाटतं.

मला आबांनी की-बोर्ड शिकवला तेव्हा जॅझ म्हणजे काय तेही सांगितलं. "आदी धून सांगायची. मंग तिला मोकळी सोडायची, जाऊंदे कुटं जायची ती. पन शेवटाला घरी आणायची. घरी आणली न्हाय तर ते वाजवणं न्हवं, उंडगेपणा." मी आता स्वतः मुलांच्या शिकवण्या घेते. अनेक पुस्तकं चाळली, पण मुलांना सांगायला याहून सोपं मला काही सापडलेलं नाही.

ज्या उन्हाळ्याबद्दल मला बोलायचं आहे तो गेल्या वर्षीचा. त्याची सुरुवात दातांच्या दवाखान्यात झाली. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचे वरचे पुढचे दात माऊथपीसवर टेकतात आणि खालचा ओठ वेताच्या पातळ पत्तीखाली राहतो. सगळा सूर त्या चिमटीत असतो. आबांच्या हिरड्या कित्येक वर्षं कुरकुरत होत्या. आईने मिश्री बंद करायला लावली, मीठ-हळद लावून पाहिली. डॉक्टरांनी आरशाने बघितलं, बोटाने एकेक दात हलवला आणि वरचे सगळे काढावे लागतील म्हणून सांगितलं. कवळी बसेल, जेवता येईल, बोलता येईल. आबांनी विचारलं, "आन् वाजवता?" डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी खोटं सांगितलं नाही. कुणाकुणाला जमतं म्हणाले, कुणाला जमत नाही, आणि फार दिवस थांबू नका.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "सराई संपूस्तोवर दात काढायचं न्हाय. त्याच्याआदी एक काम करायचंय."

ते काम म्हणजे अल्बम. आयुष्यभर लोकांच्या वरातीपुढे लोकांची गाणी वाजवली. स्वतःच्या धुनांना कधी दोन मिनिटं मिळाली तर ती नवरदेव घोड्यावर बसेपर्यंतची. त्या धुना आबांच्या तोंडात होत्या, आणि तोंडाला मुदत पडली होती. दात गेल्यावर त्या कुठे शोधायच्या? मी त्यांची मुलगी आहे, मला त्यातल्या बऱ्याच ठाऊक आहेत. पण धून ठाऊक असणं वेगळं आणि आबांनी ती फुंकणं वेगळं. त्यांच्या सुरात सनईची एक बारीक खरखर आहे, ती मी बोटांनी कुठून आणणार? मला भीती वाटत होती, आणि ती भीती मी त्या उन्हाळ्यात सकाळी चहाबरोबर घ्यायची आणि रात्री पाण्याबरोबर.

आमच्याबरोबर दोघे होते. ड्रम वाजवणारा नरसय्या. त्याचं पूर्व भागात टॉवेल विणायचं शेड आहे. घरात तेलुगू, मागावर मराठी आणि ड्रमवर बसला की तिसरीच भाषा. दुसरा बसवराज, अक्कलकोटचा. त्याची साउंड सर्व्हिस आहे, माइक-मिक्सर सगळं घरचं. बेस गिटार तो मनापासून वाजवतो आणि हिशेब कन्नडमध्ये करतो. त्याने पुण्यातल्या स्टुडिओत चौकशी केली, त्यांनी तारीख दिली ती पावसाळ्यानंतरची. आबा म्हणाले, "तवर माझ्या तोंडात काय ऱ्हाणार हाय?"

पैसा कुणाकडे मागायचा नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. वरातीत नवरदेवावरून नोटा ओवाळून वाजवणाऱ्याच्या हातात देतात. त्या नोटेबरोबर नवरदेवावरची पीडा उतरते असं मानतात. आमच्या घरचा रिवाज असा की तो पैसा संसारात घालायचा नाही, वाद्यावर घालायचा. त्यातून पत्त्या यायच्या, पॅड बदलले जायचे, उरलेला डब्यात पडून राहायचा. तो डबा आबांनी उघडला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "गावाची पीडा गोळा करून गाणं काढायला निगालेत." पण डबा तिनेच फडताळातून खाली काढून दिला होता. हे अजूनही माझ्या डोळ्यांपुढे आहे, कारण दात आधी काढा म्हणून सगळ्यात जास्त भांडत होती ती तीच.

स्टुडिओ झाला नरसय्याचं शेड. त्या भागात दिवसभर मागांचा असा खडखडाट असतो की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हाताने बोलावं लागतं. फक्त शुक्रवारी त्या गल्लीतले माग बंद. म्हणून आमच्या वाट्याला शुक्रवार आले, तेही सगळे नाही. ज्या शुक्रवारी मुहूर्त होता त्याच्या सुपाऱ्या आबांनी कधीच्या घेऊन ठेवल्या होत्या. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला, मग घरात काहीही होवो, जायचं. उरलेले शुक्रवार एका हाताच्या बोटांवर मावत होते. आम्ही पत्र्याच्या भिंतींवर दोऱ्या बांधून टॉवेल टांगले, त्यांच्यामागे जाड चादरी सोडल्या. टाळी वाजवली की आधी पत्रा झणझणायचा, आता टाळी जागच्या जागी विझली. बसवराज त्या टॉवेलांना हात लावून बघत राहिला. पुण्याला यासाठी वेगळा स्पंज लावतात म्हणाला.

जमिनीवर पाणी शिंपडलं तरी कापसाची तूस उडायचीच. ती पापण्यांवर बसे, की-बोर्डच्या पट्ट्यांत जाई. पंखा लावायचा नाही, कारण तो माइकमध्ये ऐकू येतो. वर पत्रा, बाहेर सोलापूरचा वैशाख. तापलेला पत्रा आणि मशीनचं तेल यांचा मिळून एक वास येतो, तो आता कुठेही आला तरी माझी मान ताठ होते.

पहिला शुक्रवार आम्ही वाया घालवला. बसवराजने आबांच्या पायांभोवती खडूने गोल काढला आणि बजावलं, "मास्तर, ह्या गोलाच्या बाहेर जायचं नाही हं. माइक इथे आहे." मग तो हात वर करून ओरडे, "सुम्म इर्री." हे त्याचं सगळ्यांना गप्प बसवणं. आम्ही श्वास धरून बसायचो आणि आबा सुरू करायचे. सूर सगळे बरोबर होते. एकही चुकला नाही. आणि ऐकताना असं वाटत होतं की कुणी परीक्षेला बसलेला माणूस पाठ केलेलं म्हणून दाखवतोय. एक झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला आबा खुर्चीवर बसले, चौथ्याला उठले. नरसय्याचा ताल ढिला पडला, मी घाई करू लागले. हेडफोनमध्ये ऐकून आबा पुन्हा बसले आणि त्यांनी सॅक्सोफोन मांडीवर आडवा ठेवला. "ह्यो मी न्हवं," ते म्हणाले. मला वाटलं, दात. आम्हा तिघांनाही तेच वाटलं.

आई ताक घेऊन आली होती. तिने खडूच्या गोलाकडे बघितलं. "ह्यांना उभं करून ठिवलंय व्हय? आवं, आमच्या घरात हे कवा जागेवर वाजवत न्हाईत. परसाकडच्या दारापासनं रस्त्याच्या दारापतूर येरझारा. पाय चालल्याबिगर ह्यांचं तोंड चालतंय कुटं?"

इतकं समोरचं, आणि आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं. वरातीतला माणूस. सगळं आयुष्य चालत वाजवलं. त्याचा श्वास पावलावर बसलेला, त्याचा ठेका टाचेत. आबांच्या वाजवण्यात जो झोका आहे, ज्यासाठी जॅझवाले जीव टाकतात, तो त्यांनी रेल्वेच्या साहेबाकडून घेतला असेल असं मला वाटायचं. तो निम्मा सोलापूरच्या रस्त्यांवरून आलेला होता. घोडा पुढे, मागे करवल्या, मध्ये खड्डा, तो चुकवायला अर्धं पाऊल उशिरा. त्यांना गोलात उभं करून आम्ही तोच काढून घेतला होता.

मग बसवराजने गोल पुसला. मागांच्या दोन रांगांमध्ये एक वाट होती, तिच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध माइक उभे केले. आबांनी चपला काढल्या. ते चालत माझ्याकडे येत, वळत, दाराकडे जात. आवाज जवळ येई आणि लांब जाई. बसवराज कपाळाला हात लावून मिक्सरवर बसला होता, कारण त्याच्या धंद्यात असला आवाज म्हणजे कामात कसूर. पण त्याने थांबवलं नाही. त्या दुपारी पहिल्यांदा नरसय्या हसताना दिसला.

उन्हाची आणखी एक खोड होती. पितळ तापलं की सॅक्सोफोनचा सूर चढतो. सकाळी माझ्याशी जुळलेला असायचा, दुपारी जेवणं झाल्यावर तो माझ्यावर पाव बोट चढून बसलेला. मग मी की-बोर्डचं बटण दाबून तेवढी वर जायची. पुढच्या धुनेला परत. बसवराज बेसच्या खुंट्या पिळायचा. आम्ही तिघे दिवसभर एका माणसाच्या तापलेल्या पितळामागे धावत होतो. आज अल्बम ऐकताना मला धून ऐकून दुपारचे किती वाजले असतील ते सांगता येतं. बाकी कुणाला कळत नाही, आणि कळलं नाही तरी चालेल.

लग्नसराईतल्या शुक्रवारांची वाट बघणं म्हणजे काय हे मी कुणाला सांगू? मधले दिवस आबा वरातीत वाजवत होतेच. सुपारी होती. रोज संध्याकाळी ते घरी आले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची, ते मुद्दाम पाठ करून बसायचे. माऊथपीसवर दातांखाली त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता, म्हणजे हादरा कमी बसतो. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. एका शुक्रवारी शेजारच्या शेडवाल्याला तातडीची ऑर्डर आली आणि त्याने सुट्टीच्या दिवशी माग चालवले. नरसय्या त्याच्या दारात जाऊन "आगु, आगु", थांब थांब म्हणून हात जोडत होता. त्या माणसाचाही नाइलाज होता. आम्ही दिवसभर टांगलेल्या टॉवेलांखाली बसून खडखडाट ऐकला आणि घरी गेलो. पुढच्या शुक्रवारी आबांचा गाल सुजला होता. आई मला म्हणाली, "अलके, तू सांग त्यांना. तुजं ऐकत्यात." माझं ते ऐकतात हे खरं आहे, म्हणूनच मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दात काढले असते. आणि नाही सांगितलं तर विष अंगात भिनेल की काय, या धास्तीने मी झोपेत दात चावायला लागले. नवऱ्याने सकाळी विचारलं, रात्रभर काय खात होतीस?

शेवटच्या शुक्रवारी एकच धून राहिली होती, आबांची सगळ्यात लाडकी. वरात संपते, नवरी आत जाते, आणि बँडवाले वाद्यं खांद्यावर टाकून परत निघतात. तेव्हा कुणी त्यांच्याकडे बघत नाही. त्या परतीच्या वाटेवर आबा स्वतःशी एक धून गुणगुणत येतात, माझ्या लहानपणापासून. तीच. सूज उतरली होती, पण आबांचा चेहरा मातकट दिसत होता. शेडमध्ये इतकं उकडत होतं की नरसय्याने गल्लीकडचं दार उघडं ठेवलं. आज बाहेर सामसूम आहे, राहू दे म्हणाला. बसवराजने हात वर केला, "सुम्म इर्री."

आबांनी धून सांगितली. मग तिला मोकळी सोडली. ते माझ्यापर्यंत आले, वळले, दाराकडे गेले, पुन्हा आले. असं वाजवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. भान इतकं हरपलेलं होतं की माझी बोटं काय करताहेत ते मला कळत नव्हतं. तिसऱ्यांदा ते दाराकडे गेले आणि वळलेच नाहीत. उघड्या दारातून उन्हात उतरले. वाजवत वाजवत.

आम्ही वाजवत राहिलो. ते येतील, धून घरी आणतील, म्हणून तेच स्वर मी फिरवत ठेवले. बाहेरून सॅक्सोफोन येत होता, मग बारीक येत होता, मग तो आहे की नाही असं झालं. नरसय्या ड्रमवर तारेचे ब्रश घासत दाराकडे बघत होता. बसवराजने मान हलवली, थांबू नका. त्या उघड्या दाराचा उन्हाचा चौकोन मी इतका वेळ बघितला की डोळे मिटले तरी तो दिसत होता. त्यात कुणी आलं नाही. शेवटी बसवराजने बेसवर हात ठेवला.

आबा तिसऱ्या घराच्या ओट्यावर बसले होते. सॅक्सोफोन मांडीवर, रुमाल तोंडाला, आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. मला बघून त्यांनी मूठ उघडली. "आला हातात," ते म्हणाले. मग बसवराजकडे बघून विचारलं, "घेतलं का समदं?"

"घेतलं, मास्तर," बसवराज म्हणाला.

"मी आत येणारच हुतो. शेवट ऱ्हायला की."

शेवट राहिला तो राहिलाच. त्याच आठवड्यात वरचे सगळे दात काढले. आम्ही तिघांनी ती धून पुन्हा पुन्हा ऐकली. बसवराज म्हणाला, आवाज हळूहळू कमी करत बंद करू, लोकांना कळणार नाही. नरसय्याचं म्हणणं, शेवट अलका वाजवेल, तिला येतो. मला येत होता. आबांना विचारलं. त्यांच्या तोंडात कापूस होता, त्यांनी आधी नुसती मान हलवली, मग कापूस काढून म्हणाले, "माझी हाय ती. दुसऱ्याच्या हातानं घरी आणायची न्हाय. हाय तशी ऱ्हाऊंदे." म्हणून अल्बममधली शेवटची धून दारातून बाहेर जाते, मागे आमचे ब्रश आणि बेस थोडा वेळ वाट बघतात आणि संपतात. अल्बमचं नाव आम्ही ठेवलं 'माग बंद'.

बाहेर काढायचा म्हणजे काय करायचं, हे आम्ही करता करता शिकलो. इंटरनेटवर चढवला, तिथे तो पडून राहिला. आबांनी रोज विचारायचं, "ऐकलं का कुणी?" आणि मी म्हणायचं, "ऐकताहेत हळूहळू." मग बसवराजनेच रस्ता काढला. त्याची गिऱ्हाईकं म्हणजे मांडववाले, जीपवाले, ट्रॅक्टरवाले. ते गाणी पेनड्राइव्हवर ऐकतात. आम्ही पेनड्राइव्ह भरले, नरसय्याने हातरुमालाएवढे लहान टॉवेल विणले, कडेला 'माग बंद' अशी अक्षरं काढून. प्रत्येक पेनड्राइव्ह त्यात गुंडाळला. घेणाऱ्यांतल्या निम्म्यांनी टॉवेलासाठी घेतला असणार, याबद्दल आमचं एकमत आहे.

ऊस सुरू झाला आणि आमचा अल्बम उसाच्या ट्रॅक्टरवर बसून हिंडू लागला. नातेपुत्याहून एकाने कळवलं की झोप येत नाही हे ऐकताना, चांगलं आहे. मग एक दिवस उजनीकाठच्या एका गावातून फोन आला. बोलणारा दत्ता. त्याच्या बहिणीच्या लग्नात बसवराजचं साउंड होतं, तिथून त्याला पेनड्राइव्ह मिळालेला. फोन मी घेतला, स्पीकर चालू होता, आबा समोर बसले होते.

"ताई, गाणी लई भारी हायत. पन शेवटचं गाणं अर्धवट हाय की. त्यो बाबा वाजवत वाजवत लांब जातोय आन् मंग येतच न्हाय. मी गाडी बाजूला घिऊन वाट बघत बसलो. पेनड्राइव्ह बदलून मिळंल का?"

मला हसू आलं आणि मी आबांकडे बघितलं. त्यांनी खाली बघितलं होतं. मी दत्ताला म्हणाले की पेनड्राइव्ह बरोबर आहे, गाणंच तसं आहे. तो विचार करून म्हणाला, "मंग बरोबर न्हाय." फोन ठेवल्यावर आबा उठून आत गेले. तोवर कवळी वाटीत पाण्यात असायची, जेवणापुरती बाहेर यायची. बँड त्यांनी पुतण्याकडे सोपवला होता. सॅक्सोफोनची पेटी कपाटावर होती. त्या दिवशी वाटी रिकामी दिसली.

नंतरचे महिने घरात एक न बोललेली गोष्ट हिंडत होती. शुक्रवारी दुपारी आबा कुठेतरी जायचे. पेटी कपाटावरून गेलेली होती. आई म्हणायची, "देवाला जात असतील," आणि त्या देवाला ती ताकाची बाटली बांधून द्यायची. मी विचारलं नाही. विचारलं आणि ते म्हणाले की जमत नाही, तर मी काय करणार होते? संध्याकाळी ते परत आले की हिरड्या सोलवटलेल्या असायच्या, लोणचं नको म्हणायचे. वरात जवळून गेली की मी त्यांच्याकडे बघायची नाही. ते ऐकत असायचे. परवा ट्रम्पेट चढलाय म्हणाले, तेवढंच काय ते सराई लागल्यापासून बोलले.

आणि काल शुक्रवार होता. नरसय्याचा फोन आला, "मास्तर तुला बोलवतायत. मोबाइल चार्ज करून आण." मी गेले. गल्ली तशीच मोकळी, ऊन तसंच. शेडचं दार उघडं. बसवराज बेस गळ्यात अडकवून आत उभा, पण एकही माइक नव्हता, मिक्सर नव्हता. आबा बाहेर, त्याच ओट्यावर बसले होते. कवळी तोंडात होती, ओठ सुजलेले. सॅक्सोफोन सावलीत धरलेला, तापू नये म्हणून.

"त्या उजनीच्या पोराला लाव," ते म्हणाले.

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. दत्ताचा नंबर माझ्याकडे होता. फोन लागला तेव्हा पलीकडे मोटरीची धडधड चालू होती. केळीला पाणी धरलं होतं त्याने. मी नाव सांगितलं, त्याला ओळख पटायला वेळ लागला. आबांनी फोन घेतला. कवळीमुळे त्यांचा 'स' अजून शिट्टी घालतो.

"त्या पेनड्राइव्हातला म्हातारा बोलतोय. तुजं गाणं अर्धवट ऱ्हायलं हुतं ना? पुरं करतो. ऐकतोस का?"

पलीकडे नुसती मोटर. मग तो म्हणाला, "थांबा मास्तर. मोटर बंद करतो."

आम्ही थांबलो. धडधड थांबली. फोनमधून कुठलासा पक्षी ऐकू आला, आणि पाणी. आबांनी फोन माझ्या हातात दिला आणि उठले. मी तो त्यांच्यासमोर धरून उभी राहिले. नरसय्याने आतून ब्रश घासायला सुरुवात केली. तोच ठेका, आम्ही त्या दिवशी जिथे सोडला होता तिथून.

पहिल्या फुंकेला नुसती हवा आली. आबांनी माऊथपीस काढला, ओठ ओला केला, पुन्हा धरला. दुसऱ्यांदा एक किंकाळीसारखं काहीतरी निघालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी डावं पाऊल टाकलं, आणि पावलाबरोबर सूर आला.

जाडा होता. कडेने हवा गळत होती. पण खरखर होती, सनईची, जागच्या जागी. आबा चालू लागले आणि मी फोन धरून त्यांच्यापुढे उलटी चालू लागले. तिसऱ्या घरापासून दुसऱ्या, दुसऱ्यापासून दारापर्यंत. मागे उंबरा आहे हे मला ठाऊक होतं, टाचेने चाचपत मी तो ओलांडला. दारात सूर एकदा फाटला. तो त्यांनी तसाच सोडला नाही, परत मागे जाऊन घेतला. उन्हातून ते आत आले. आत बसवराज त्यांच्याखाली बेस घालत होता आणि रडत होता, आणि त्याने ते लपवलं नाही. मागांच्या मधल्या वाटेने धून हळूहळू आपल्या पहिल्या ओळीकडे आली. शेवटचा सूर आबांनी लांबवला नाही, लांबवता येणार नव्हता. तो त्यांनी ठेवला आणि तोंडातून नळी काढली.

फोनमधून आता पाणीही ऐकू येईना. मला वाटलं कटला. आबांनी हात पुढे केला, मी फोन दिला.

"ऐकलंस का?"

"ऐकलं की," दत्ता म्हणाला. "आलं घरी."

आबांनी खांद्यावरच्या टॉवेलाने तोंड पुसलं. टॉवेलाला थोडं रक्त लागलं, ते त्यांनी आतल्या बाजूला दुमडलं.

"मास्तर," पलीकडून आवाज आला, "आता मोटर चालू करू का?"

"कर," आबा म्हणाले.